अर्क हा राखणदार, वैद्य नव्हे



या सदरात आपण घरखर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य असे विषय नेहमी घेतो. आज विषय थोडा वेगळा आहे. तो आहे भाजीच्या वाफ्यातला. पण वाचून झाल्यावर तो घरखर्चाचाही आहे आणि धम्माचाही आहे, असे आपल्याला वाटेल अशी आशा आहे.

आमची काकी गावी बौद्धवाडीत राहते. घरामागच्या परसात दरवर्षी वांगी, मिरची, टोमॅटो लावते. घरची गरज भागते आणि उरलेले बाजारच्या दिवशी विकून मीठ-मिरचीचा खर्च निघतो. गेल्या वर्षी तिने बचत गटातून पैसे उचलून वांग्याची साठ रोपे लावली. झाडे कंबरेला आली, फुलली. डिसेंबरात वाडीतली मंडळी 6 तारखेच्या अभिवादनासाठी मुंबईला आली, तेव्हा काकीही आली. चैत्यभूमीवर रांगेत उभी राहिली, दोन रात्री आमच्याकडे मुक्काम केला आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “अरे, माझी वांगी माना टाकून उभी आहेत. दोन दिवस पाणी चुकलं म्हणून असेल का?”

तिने पाणी दिले. संध्याकाळी झाडे थोडी सावरली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कोमेजली. तिने आणखी पाणी दिले. पाने पिवळीही झाली नव्हती, हिरवीच्या हिरवी लोंबत होती. मग बाजारातल्या एका दुकानदाराने बुरशीनाशक दिले. ते लागू पडले नाही, तेव्हा त्याने एक लहान पुडी दिली. तीही फवारून झाली. शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी सांगितले की, ही सगळी रासायनिक विषे सोडा, माझ्याकडे दशपर्णी अर्काचा ड्रम भरला आहे, तीन फवारण्यांत झाडे टवटवीत होतील. काकीने तीन फवारण्या केल्या. मी नाताळच्या सुटीत गावी गेलो तेव्हा साठातली सतरा झाडे उभी होती.

मी पडलो कारकून. मी हिशेब मांडला. रोपे, खत, दोन औषधे, पंपाचे भाडे, अर्काचे पैसे मिळून दोन हजारांच्या वर रक्कम गेली होती. त्यातला निम्मा खर्च झाडे मरायला लागल्यानंतरचा होता, म्हणजे जे वाचणारच नव्हते त्याच्यावर केलेला. काकीने मात्र हिशेबाकडे पाहिले नाही. ती म्हणाली, “तू शिकलेला आहेस ना? मग एवढंच सांग, अर्क खोटा की माझा हात खोटा?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी वाचले, तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन बसलो, जाणकारांना विचारले. जे समजले ते आज सांगतो.

ग्लासातली परीक्षा

कृषी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती रोग ओळखण्याची. कोमेजलेल्या झाडाचे जमिनीलगतचे खोड धारदार सुरीने कापायचे. आत तपकिरी कडे दिसते. मग त्या खोडाचा बोटभर तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात, न हलवता, वरून धरायचा. थोड्याच मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर समजावे की हा जिवाणूजन्य मर रोग आहे. बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगात असे धागे निघत नाहीत आणि बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात.

आम्ही काकीच्या परसात बसून हे केले. ग्लासात दुधी धागे उतरले. वाडीतल्या बायका जमून पाहत होत्या. तो एक-एक धागा म्हणजे लाखो जिवाणूंची रांग होती. या जिवाणूचे नाव राल्स्टोनिया सोलॅनेसिॲरम. अमेरिकेतील अर्विन स्मिथ या शास्त्रज्ञाने 1896 साली त्याचे वर्णन केले. तो मातीत राहतो, मुळांच्या बारीकशा जखमेतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढून त्या तुंबवून टाकतो. नळीच तुंबली तर वरून कितीही पाणी घाला, शेंड्याला पोचणार कसे? म्हणून झाड हिरवेच्या हिरवे मरते. उलट जास्त पाण्याबरोबर जिवाणू शेजारच्या झाडाकडे वाहत जातो. काकीने मायेने दिलेले पाणीच त्याचे वाहन झाले.

आता अर्क का हरला ते लक्षात येईल. फवारलेला अर्क पानावर बसतो. जिवाणू खोडाच्या आत बसला आहे. त्या दोघांची गाठच पडत नाही. अर्क खोटा नव्हता आणि काकीचा हातही खोटा नव्हता. दरवाजावरच्या राखणदाराला आपण आजाऱ्यावर शस्त्रक्रिया करायला सांगितले होते.

लसूण काय करतो

मग वनस्पतींच्या अर्कात जिवाणू मारण्याची ताकद असते की नाही? असते. सगळ्यात भक्कम पुरावा लसणाचा आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही, ठेचल्यावर येतो. कारण पाकळीत ॲलिन नावाचा पदार्थ एका कप्प्यात आणि त्याच्यावर काम करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. ठेचल्यावर दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होते. कॅव्हॅलिटो आणि बेली या रसायनशास्त्रज्ञांनी 1944 साली ते वेगळे करून दाखवले. ॲलिसिन जिवाणूंच्या विकरांना जखडते आणि त्यांचे काम बंद पाडते.

यातून करायच्या आणि टाळायच्या गोष्टी आपोआप निघतात. लसूण उकळू नये, उष्णतेने ते विकर मरते आणि ॲलिसिन बनतच नाही. ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा, मग पाण्यात कालवावा. ॲलिसिन टिकाऊ नाही, म्हणून अर्क त्याच दिवशी वापरावा. महिनाभर साठवलेल्या बाटलीत वास राहील, पण मूळची ताकद राहणार नाही. अंदाज म्हणून सोललेला 50 ग्रॅम लसूण बारीक वाटून एक लिटर पाण्यात घ्यावा, फडक्याने गाळावा. आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबावे, पाने भाजली तर पाणी वाढवावे. फवारणी संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना करावी. वाटताना डोळ्यांना आणि हाताच्या कातडीला जपावे. लसूण कातडीवर जास्त वेळ राहिला तर फोड येतात.

हा अर्क कुठे उपयोगी पडू शकतो? जिथे जिवाणू बाहेरून येतो आणि पानावर किंवा बियाण्यावर बसलेला असतो तिथे. मिरची आणि टोमॅटोच्या पानांवर पाणी सुटल्यासारखे लहान ठिपके पडतात, ते पुढे तपकिरी-काळे होतात. कोबी-फुलकोबीच्या पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग येतो आणि शिरा काळ्या पडतात. तिला काळी कूज म्हणतात, काही भागात घाण्या म्हणतात. हे रोग झँथोमोनास कुळातल्या जिवाणूंचे आहेत. ते बियाण्याबरोबर येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर एका पानावरून दुसऱ्या पानावर उडतात. इथे रोग पसरण्याआधी मारलेला लसणाचा अर्क आडवा उभा राहू शकतो. डागांनी भरलेले पान मात्र तो बरे करत नाही. पाऊस पडला की तो धुऊनही जातो.

मातीतल्या मर रोगावरही वनस्पतीतल्या द्रव्यांचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी थायमॉल हे द्रव्य टोमॅटो लावण्याआधी मातीत देऊन पाहिले आणि शेतात मर कमी झाल्याचे 2005 साली प्रसिद्ध केले. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याला ज्याचा वास येतो तेच. पण घाई करू नका. त्यांनी शुद्ध केलेले थायमॉल मोजून वापरले, माती प्लास्टिकने झाकली आणि मग काही दिवसांनी रोपे लावली. मूठभर ओवा उकळून मुळाशी ओतला म्हणजे तेच झाले, असे नव्हे.

कडुलिंबाबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन मुख्यतः किडींवर चालते, जिवाणूंवर त्याचा भरवसा धरू नये. तरीही लावणीपूर्वी मातीत घातलेली निंबोळी पेंड मर रोगात आडवाटेने मदत करते. मातीतल्या सूत्रकृमी मुळांना जखमा करतात आणि त्या जखमांतून जिवाणू आत जातो. पेंडीने सूत्रकृमी कमी झाल्या तर चोराला भिंतीत भोक मिळत नाही.

ती लहान पुडी

काकीला दुकानदाराने दिलेल्या पुडीबद्दल सांगितलेच पाहिजे. अशा पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके असतात. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी शोधले. क्षयरोगावर चालणारे ते पहिले प्रतिजैविक. आपल्या चाळींत आणि वस्त्यांत क्षयाने किती घरे रिकामी केली, ते जुन्या पिढीला सांगायला नको. माणसाला जगवणारे हे औषध आपण वांग्यावर उडवले आणि तेही बाहेरून, जिथे रोग नव्हताच.

जिवाणूंनाही सवय होते. फ्लोरिडात मिरची-टोमॅटोच्या ठिपक्यांवर स्ट्रेप्टोमायसिन फवारले जात होते, तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याला दाद न देणारे जिवाणू सापडले. याच काळजीपोटी आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतला या औषधांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. तेव्हा दुकानदार सहज पुडी पुढे करतो म्हणून ती घेऊ नये. आधी रोगाचे नाव विचारावे.

वनस्पतीचे आहे म्हणून निर्धोक नव्हे

आता आपल्या भगिनींसाठी कळकळीची सूचना. दशपर्णीच्या ड्रममध्ये कण्हेर, धोतरा, रुई यांची पाने घालतात. कोणी तंबाखूचा काढाही घालतात. कण्हेर पोटात गेली तर माणूस मरतो. धोतऱ्याने भ्रम होतो. तंबाखूतले निकोटिन कातडीतूनही अंगात शिरते. “नैसर्गिक आहे” एवढ्या शब्दावर विसंबून स्वयंपाकाच्या पातेल्यात हा अर्क उकळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. यासाठी भांडी, गाळणी, फडकी वेगळी ठेवा. मुलांच्या हाती लागेल अशा पाण्याच्या बाटलीत अर्क भरू नका. तोडणीला आलेल्या भाजीवर तो मारू नका. पालेभाजीवर तर नकोच.

पंप कोणाच्या पाठीवर असतो हेही आपण विसरू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. मग पंपात कंपनीचे औषध असो की घरचा अर्क असो, तोंडाला फडके, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या दिशेचे भान आणि नंतर साबणाने अंघोळ, यात सूट नाही.

खरा उपाय लावणीच्या आधी

जिवाणूचा रोग एकदा झाडात गेला की त्याला औषध नाही, असेच धरून चालावे. म्हणून जे करायचे ते आधी. बी घरचे असेल तर टोमॅटो किंवा कोबीचे बी 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 25 मिनिटे ठेवावे, लगेच गार पाण्यात काढून सावलीत वाळवावे. अंदाजाने करू नये, तापमापक हवाच. दोन-तीन अंश जास्त झाले तर बी मरते, कमी झाले तर जिवाणू जगतो. आधी थोड्या बियांवर करून उगवण पाहावी. कंपनीचे रंग लावलेले बी मात्र असे भिजवू नये.

मर रोग आलेल्या वाफ्यात पुन्हा वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा लावू नये. हे सगळे एकाच कुळातले आहेत. काकीच्या परसात वर्षानुवर्षे त्याच वाफ्यात वांगी होती, म्हणजे रोगाला कायमचे घर मिळाले होते. मेलेले झाड मुळासकट उपटून वाफ्याबाहेर जाळावे, खतखड्ड्यात टाकू नये. आजारी वाफ्यात वापरलेला विळा आणि खुरपे धुतल्याशिवाय चांगल्या वाफ्यात नेऊ नये. ओल्या पानांत काम करू नये. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने मर रोगाला तोंड देणारे वाण काढले आहेत. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ, तर टोमॅटोत अर्का आभा, अर्का रक्षक, अर्का सम्राट. अर्थात प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे. सगळ्या जमिनींत एकच वाण सारखा टिकत नाही, म्हणून थोडी रोपे लावून पाहावीत.

पारखून घ्या

बाबासाहेबांनी 1918 साली हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन किती मोठी, यापेक्षा तिच्यावर लागणारे श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांनी त्यात पुढे आणला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, तेव्हा कुठे काहींच्या नावावर गायरानाचे तुकडे आले. अशा मोलाने मिळालेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांवरचा पैसा चुकीच्या औषधात जातो, तेव्हा नुकसान केवळ वांग्याचे होत नाही.

विहारात आपण वंदना म्हणताना धम्माचा एक गुण उच्चारतो, एहिपस्सिको. या आणि पाहा. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हेच सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखा. हे वाफ्यालाही लागू आहे. कोणी म्हणेल गोमूत्र पवित्र आहे म्हणून अर्क चालतो. कोणी म्हणेल पुडी विलायती शास्त्राची आहे म्हणून चालते. दोघांनाही आपण एकच प्रश्न विचारावा: कुठल्या रोगावर, कसे, आणि न फवारलेल्या झाडांपेक्षा किती फरक पडला?

हा फरक घरच्या घरी पाहता येतो. एकाच दिवशी, एकाच वाणाच्या मिरचीच्या चार ओळी लावा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला लसणाचा अर्क, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला त्याच वेळी नुसते पाणी. खत आणि निगा सारखीच. दर आठवड्याला ठिपके पडलेली झाडे मोजा आणि वहीत लिहा. अर्काला आलेला खर्च एका बाजूला, वाचलेली मिरची दुसऱ्या बाजूला. न फवारलेली ओळ ठेवायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. पण तीच ओळ खरे बोलते. सगळ्याच झाडांवर फवारले आणि रोग आला नाही, तर तो अर्काने थांबवला की मुळात येणारच नव्हता, हे कसे कळणार?

काकीने यंदा परसातला तो वाफा सोडला. तिथे भेंडी आणि वाल घातला. भाताची कापणी झालेल्या खाचरात नवे वाफे करून मिरची लावली, चार ओळींत, वर सांगितल्याप्रमाणे. वही तिच्या नातीच्या ताब्यात आहे, ती सातवीत शिकते. पहिल्या तोडणीपर्यंत लसणाच्या ओळींत ठिपके कमी दिसत होते. मग अवकाळी पाऊस झाला आणि चारही ओळी जवळजवळ सारख्या झाल्या. नातीने तसेच लिहून ठेवले. काकीला मी विचारले, “मग काय ठरवलंस?” ती म्हणाली, “दोन ओळींवरून काय ठरवायचं? पुढल्या वर्षी आठ घालीन. पण पाऊस पडून गेल्यावर पुन्हा मारायचा, हे आता वहीत आहे.”

गेल्या वर्षी तिचा सवाल होता की अर्क खोटा की हात खोटा. यंदा तिला उत्तरासाठी माझी गरज पडली नाही.

ज्या भगिनींच्या, महिला मंडळांच्या आणि गटांच्या परसबागा असतील त्यांनी येत्या हंगामात या चार ओळी जरूर लावाव्यात. आकडे चांगले आले तरी कळवा आणि वाईट आले तरी कळवा. या सदरात दोन्ही छापू.

जयभीम.